काचेवरचा गाल

"उघड."

सरांची ओळख बहुतेकांना ह्या एका शब्दानं व्हायची. नमस्कार नाही, या-बसा नाही. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला असो, नाहीतर मुलीच्या सासरचं माणूस असो, पडवीत पाऊल पडलं की सर चष्मा कपाळावर चढवणार, त्याच्या तोंडाकडे रोखून बघणार आणि म्हणणार, "उघड. आता दातांमध्ये तीन बोटं घाल. अशी, एकावर एक."

समोरचा बावचळायचा. पण सरांचा आवाजच असा, की माणूस आधी तोंड उघडायचा आणि मग त्याला राग यायचा. तीन बोटं सहज मावली तर सर खूश. "जा, चहा पिऊन जा" म्हणायचे. दोनच मावली तर मात्र त्या माणसाची धडगत नसायची. गालाच्या आत टॉर्च मारला जायचा, खिसे उलटे केले जायचे, पुडी सापडली तर ती थेट कमोडमध्ये. साळवी स्टॉपचे रिक्षावाले आमच्या गल्लीचं भाडं घ्यायला कां-कूं करायचे. घेतलंच तर फाटकाच्या बरंच अलीकडे सोडून पसार व्हायचे.

माणसांची नावं सरांच्या लक्षात राहत नसत, बोटं राहत. "अगो, तो अडीच बोटांचा सुतार आला होता का?" असं मला विचारायचे. मला तेव्हा फार हसू यायचं.

मी त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. सर तोंडाच्या रोगांचे पॅथॉलॉजिस्ट. बाहेरगावच्या कॉलेजात जन्मभर शिकवून निवृत्त झाले, बायको गेली, तेव्हा रत्नागिरीतल्या घरी परत आले आणि तळमजल्यावर लॅब थाटून बसले. जिल्ह्यातले दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडातला चट्टा किंवा गाठ दिसली की तिचा तुकडा आमच्याकडे पाठवायचे. मी तो मेणात बसवायची, त्याचे कागदाहून पातळ काप काढायची, काचेवर घेऊन रंगवायची. सर मायक्रोस्कोपखाली बघून काय ते सांगायचे. स्लाइड हा शब्द त्यांना आवडत नसे. ते काच म्हणायचे.

तोंडाचे रोग पुष्कळ, पण सरांनी वैर धरलं होतं एकाशीच. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडत जातं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ होते, मग बोटानं चाचपलं तर गालात पट्टे लागतात. शेवटी भाकरीचा तुकडासुद्धा चुरून आत सरकवावा लागतो. हे सगळं करतं कोलॅजन. प्रत्येकाच्या गालात कातडीखाली कोलॅजनचे बारीक तंतू असतात, त्यांच्या आधारावर गाल उभा असतो. सुपारीनं ते वाढत जातात आणि जुने मोडायचे थांबतात.

सरांकडे एक खास लाल रंग होता आणि मायक्रोस्कोपला एक खास काचेची जोडणी. तो रंग देऊन त्या उजेडात बघितलं की बाकी सगळं काळं व्हायचं आणि नुसते तंतू पेटून उठायचे, नारिंगी, पिवळे, हिरवे. दिसायला इतकं देखणं, की हा कुणाचा तरी गाल आहे हे विसरायला व्हायचं. पोस्टमनला, दूधवाल्याला, हाताला धरून सर आत आणायचे. "बघ, बघ! पुस्तकवाले म्हणतात तंतू जाड होतात. मला विचारशील तर जाडीचं एवढं काही नाही रे, दाटी बघ दाटी! भाताची उडवी रचावी तसे दाबून दाबून बसलेत." दूधवाला मान डोलवायचा आणि दूध नासेल म्हणून सटकायचा.

ह्या माणसाचं आगर होतं सावर्ड्याच्या बाजूला. नारळ-पोफळीचं. वाडवडिलांनी लावलेलं. त्या पोफळींवर सर शिकले, डॉक्टर झाले, हे ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यांची नजर खाली जायची. आगर हातात आलं तसं त्यांनी सुपारी काढणं बंद केलं. झाडं तोडवेनात, पिकलेली सुपारी काढवेना. ती खाली पडून कुजायची. चुलतभावांनी काय काय ऐकवलं असेल ते ऐकवलं असेल. सर एवढंच म्हणायचे, "कुजू दे. तिथे कुजली तर कुणाचा गाल कुजणार नाही."

माझ्या घराच्या वास्तुशांतीला सरांना बोलावलं होतं. चौरंगावर तांदळाच्या पुंजीवर गणपती म्हणून सुपारी मांडलेली. सरांनी सगळ्यांच्या देखत ती उचलली, खिशातून बदाम काढून तिथे ठेवला आणि हात जोडले. भटजी लाल झाले. "अहो, हे काय करताय? शास्त्र आहे!" सर म्हणाले, "आहे ना. उघडा." भटजींनी तोंड उघडलं, काय सांगू तुम्हाला, दोनसुद्धा बोटं मावेनात! पूजा बदामावर झाली. माझ्या सासूबाई पुढे कित्येक महिने माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

सरांचे आणखी दोन हट्ट सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडकलं.

एक, निळ्या शाईचा. सरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक दाताच्या डॉक्टरला शाईची बाटली पाठवली होती. गालाचा तुकडा काढलात की खालच्या बाजूला लगेच टिपका द्या, म्हणजे मेणात बसवताना वर कुठलं नि खाली कुठलं ते कळेल. निरोगी गालाचा तुकडा बघून ते समजतं. आखडलेल्या तोंडाचा तुकडा मात्र सगळीकडून सारखाच पांढरा, ताठ, वर आक्रसून वळलेला. टिपका नसलेला तुकडा आला की सर फोन करून त्या डॉक्टरचं जे काही करायचे, ते ऐकायला नको वाटायचं. डॉक्टर मंडळी मागे सरांना शाईवाले म्हणायची.

दुसरा हट्ट, नाव न वाचण्याचा. काच मायक्रोस्कोपखाली जाण्याआधी मी तिच्यावरच्या नावाला कागदी पट्टी चिकटवायची. "नाव वाचलं की डोळा लबाडी करतो," सर म्हणायचे. "ओळखीच्या माणसाची काच होती एकदा. डोळ्यानं मला हवं तेच दाखवलं." तो माणूस कोण, पुढे त्याचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर उठून बागेत निघून गेले.

आता मंगेशचं सांगते.

मंगेश माझा धाकटा भाऊ. जयगडला बंदरात क्रेन चालवतो. मी दिवसभर असल्या तोंडांचे तुकडे कापणार, आणि माझा सख्खा भाऊ रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून गालात सुपारी धरून बसणार! माझ्याकडे यायचंच टाळायचा. आला तरी बांगड्याचं तिखलं पुढे केलं की "पोट भरलाय गो ताई" म्हणायचा. सरांच्या गल्लीत तर त्यानं कधी पाऊल टाकलं नाही.

एका दुपारी त्याच्या बायकोचा, सुप्रियाचा फोन आला. "वन्स, ह्यांच्या गालात पांढरा चट्टा होता. मुंबईला नेऊन दाखवला. तुकडा काढला. कॅन्सर लिहिलाय." पुढे तिला बोलवेना. मंगेशनं फोन घेतला आणि सांगितलं की अर्धा गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढणार, मांडीचं मांस घेऊन तिथे लावणार. पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हायचंय. असं सांगत होता, जसं काही क्रेनचा कुठला पार्ट बदलायचाय.

कामाची सवय म्हणा, तोंडातून निघालं ते हेच, "काच नि मेणाचा ब्लॉक, दोन्ही त्या लॅबकडून मागून आण. आपलंच असतं ते, ते नाही म्हणू शकत नाहीत."

दोघं ते घेऊन आले. पडवीत मंगेश उभा राहिला, सर नेहमीसारखं म्हणाले, "उघड." त्यानं उघडलं. एक बोट गेलं, दुसरं अर्ध्यावर अडकलं. मी तोंड फिरवलं. सर ओरडले नाहीत, खिसेही तपासले नाहीत. मुंबईचा रिपोर्ट न वाचताच घडी करून बाजूला ठेवला आणि काच घेऊन आत गेले. खूप वेळानं मला हाक मारली. "ब्लॉकमधून एक काप काढ. लाल रंग दे."

मी काप काढला, रंगवला. सरांनी बघितलं, मग मला खुर्चीत बसवलं.

"तंतू कसे दिसतायत?"

"काचभर पसरलेले, सर. मधे मधे काळी बेटं."

"एरवी कसे दिसतात?"

"एका बाजूला कातडीची सलग काळी कड, तिच्याखाली तंतूंचे आडवे पट्टे." आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सर, तुकडा आडवा पडलाय मेणात!"

"शाईचा टिपका नाही ना," सर म्हणाले. एवढंच. ज्या गोष्टीसाठी त्यांनी जिल्हाभर हसं करून घेतलं होतं, ती समोर आली तेव्हा त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

बाहेर येऊन त्यांनी सुप्रियाला समजावलं. "मुळ्याचा वाफा आहे समज. उभा कापलास तर प्रत्येक मुळा वरच्या पाल्याला जोडलेला दिसेल. आडवा कापलास तर मातीत नुसत्या सुट्या चकत्या दिसतील. गालाच्या कातडीचीही अशी मुळं खाली गेलेली असतात. मुंबईवाल्यांना खोल मातीत सुट्या चकत्या दिसल्या, म्हणून त्यांनी लिहिलं की कॅन्सर आत शिरलाय."

"म्हणजे नाय कॅन्सर?" सुप्रिया अर्धवट उठली.

"तसं मी म्हटलं नाही. ह्या काचेवरून ते सांगता येत नाही, एवढंच म्हटलं. मेण वितळवून तुकडा उभा करायचा आणि परत कापायचा."

त्यात काय धोका होता ते मला ठाऊक होतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यातला बराचसा आधीच कापून संपलेला. वळवताना चुकला, कापताना फाटला, की संपलं. मग हातात काहीच नाही. दुसरा तुकडा घ्यायचा तर दीड बोटाच्या तोंडात हत्यार शिरायला हवं. आणि खरंच कॅन्सर असेल, तर हा सगळा वेळ त्याला आंदण. सरांनी मुंबईच्या सर्जनना फोन लावला. ते सौजन्यानंच बोलले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तारीख हुकली तर जबाबदारी कोणाची?" सर म्हणाले, "माझी." फोन ठेवल्यावर मी बघितलं तर त्यांचे हात थरथरत होते. तसे वयामुळे थरथरायचेच, पण त्या दिवशी जास्त.

सुप्रियानं मला बागेच्या कडेला ओढलं. "वन्स, तुमचे सर येडे हायत असा सगळा गाव बोलतो. भटजीला पूजेत तोंड उघडायला लावणारा माणूस! त्यांच्या हट्टापायी माझा नवरा घालवू काय?"

मलाही तेच वाटत होतं. मायक्रोस्कोपशी बसले की सर देव, आणि उठले की अर्धे खुळे, हे मी रोज बघत होते. आपला माणूस समोर असला की दोन्हींतलं कुठलं खरं ते कळत नाही.

मंगेश मागून आला. "वळवूंदे तुकडा. गाल माझा हाय."

"आणि माणूस माझा हाय!" सुप्रिया फाडकन म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून पायरीवर बसली. "करा काय ते."

सकाळी कामाला बसलो. मे महिना, आणि पंखा बंद, कारण वाऱ्यानं काप उडतात. मी ब्लॉक वितळवला. मेणातून तो एवढासा पिवळट तुकडा बाहेर आला. सरांनी मोठं भिंग धरलं, पण चिमटा धरता येईना. "तूच," ते म्हणाले.

"सर, मी नको. माझा भाऊ आहे."

"अगो, माझ्या हातांकडे बघ आणि मग सांग."

मी चिमटा घेतला. सर भिंगातून सांगत होते, "जरा डावीकडे. नको, मागे. आता उभा. धर. धर. हालू नकोस." गरम मेण ओतलं, ते घट्ट होईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, मला आठवत नाही. मग कापायला बसले. पहिले काप नुसत्या मेणाचे. मग तुकडा लागला. एक काप फाटला. दुसरा चुरगळला. माझ्या कपाळावरचा घाम काप पसरायला ठेवलेल्या पाण्यात पडेल की काय असं वाटायला लागलं. सर शेजारी उभे होते, आणि त्यांच्या धोतराला अडकलेली मेणाची कपची मला उगीचच दिसत होती. मग एक काप सलग आला, पाण्यावर अलगद पसरला. मी तो काचेवर उचलून घेतला आणि मला रडूच फुटलं. सर म्हणाले, "रडायचं ते मग रड. आधी रंगव."

रंगवून झाल्यावर त्यांनी सांगितलं, "जुन्या काचांतून अशाच पांढऱ्या चट्ट्यांच्या काही काढ. ज्यांचं ऑपरेशन करावं लागलं त्यांच्याही घे, नाही लागलं त्यांच्याही. त्यांत ही मिसळ. सगळ्यांवर पट्ट्या लाव. आणि खोलीबाहेर जा. तुझं तोंड बघून मला कळेल."

आम्ही तिघं पडवीत बसलो. सुप्रिया जप करत होती की नुसतेच ओठ हलत होते, देव जाणे. मंगेश चिऱ्याच्या भिंतीवरची पापुद्र्यासारखी माती नखानं खरवडत होता. मधेच म्हणाला, "ताई, आरे-वाऱ्याच्या रस्त्यानं येताना समुद्र बघितला गो आम्ही. काय दिसत होता!" मी त्याला गप्प बस म्हटलं. आतून काच ठेवल्याचा आवाज यायचा, मग नुसती शांतता. एका काचेला फार वेळ लागला. ती त्याचीच असणार असं मला वाटलं, आणि एवढा वेळ का लागतोय म्हणून मी दाराशी जाऊन परत आले.

सरांनी हाक मारली. टेबलावर दोन ताटल्या होत्या. उजव्या ताटलीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यांना कापायला लागेल." डावीवर ठेवून म्हणाले, "ह्यांना नाही. पट्ट्या काढ."

मी उजवी ताटली घेतली. पहिली पट्टी ओढली. दापोलीकडची एक बाई होती. दुसरी ओढली. कुणी एक ड्रायव्हर. तिसरी. प्रत्येक वेळी परकं नाव आलं की मला आनंद होत होता. होत होता, खोटं कशाला सांगू? त्यांच्याही घरी कुणी ना कुणी पडवीत बसलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ताटली संपली. मंगेश त्यात नव्हता.

डाव्या ताटलीत त्याचं नाव निघालं तेव्हा सर खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "मुळं सगळी वर जोडलेली आहेत. एकही सुटं नाही. वरच्या थरातल्या पेशी जरा बिघडल्यात, तेवढा चट्टा काढून टाकायचा. जबड्याला हात लावायचा नाही." पुढे मुंबईच्या सर्जननी ती काच मागवून घेतली, आणखी एकाला दाखवली आणि मान्य केलं. पण ते नंतरचं.

मी धावत पडवीत गेले. सुप्रियाला मिठी मारली. ती हसत होती की रडत होती कोण जाणे. मंगेशनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, एक फेरी मारली, आत येऊन सरांच्या पाया पडला. उठला तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. लहानपणी शाळेला सुट्टी मिळाली की व्हायचा तसा. आणि तसाच हसत म्हणाला, "मग सर, आता अधनं-मधनं एखादी... तेवढी चालंल ना?"

सुप्रियाचा हात तोंडाशी गेला. मला वाटलं, सर आता त्याला मारतील. मीच मारायला उठले होते.

सरांनी लाल रंगाची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, खास उजेड लावला आणि खुर्ची सोडली. "बस. बघ."

मंगेश बसला. आधी नवलानं "आयला" म्हणाला. बराच वेळ डोळा लावून होता.

"ह्यो माझा गाल?"

"तुझाच."

"एवढा गच्च?"

"एवढा."

"मग सर, सोडला सगळा तर... मोकळा होयाल ना?"

खोटं बोलायला सरांना त्या क्षणी कुणीच अडवलं नसतं. "नाही रे," ते म्हणाले. "हे आहे ते असंच राहणार. रोज व्यायाम केलास तर थोडं सैल होईल, तेवढंच. आज सोडलंस तर आणखी आवळणार नाही. नाही सोडलंस तर पुढच्या वेळी तुझी काच दुसऱ्या ताटलीत जाईल, आणि मग मी तुकडा कसाही फिरवला तरी ती तिथेच राहील."

मंगेशनं डोळा काढला नाही. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा आम्हाला कळलं. पोरपणी हा रडला की वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, शेजारीण विचारायला यायची, काय झाला गो पोराला? आता तो खुर्चीत वळला, आमच्याकडे तोंड करून हमसून हमसून रडत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि माझ्या भावाचं तोंड काही रडण्याएवढं उघडत नव्हतं.